विळा पाहून महिना ओळखा

मध्ययुगीन युरोपातल्या प्रार्थनापुस्तकांत सुरुवातीला दिनदर्शिका असते, आणि बऱ्याच वेळा दर महिन्याला शेतातलं एक काम रंगवलेलं असतं. अशा पानाच्या कडा छाटताना महिन्याचं नाव उडालं असेल, तर आधी अवजार पाहा. झाडांच्या हिरव्या रंगावर मुळीच विसंबू नका.

सगळ्यात जास्त घोळ जून आणि जुलैचा होतो. जूनमध्ये गवत कापतात: माणूस जवळजवळ उभाच, दांडा लांबलचक, पातं वाकडं, दोन्ही हात दांड्यावर. जुलैत गहू: आखूड मुठीचा विळा, दुसऱ्या हातात ओंब्यांची मूठ, कंबर वाकलेली. काड बरंच वर कापतात, म्हणून मागे धसकटं उंच राहतात. ड्यूक ऑफ बेरी या फ्रेंच सरदारासाठी लिंबूर्ग बंधू या चित्रकारांनी 1411 ते 1416 च्या सुमारास रंगवलेल्या, आता फ्रान्समधल्या शांतीयीत असलेल्या पोथीत ही दोन्ही पानं शेजारी ठेवून पाहा. फरक लगेच डोळ्यांत भरतो.

डुकरांचं चित्र असेल तर माणसाच्या हाताकडे बघा. ओकची फळं पाडायला काठी उगारलेली असेल तर बहुधा नोव्हेंबर, सुरी किंवा कुऱ्हाड असेल तर डिसेंबर. द्राक्षं तुडवणं सप्टेंबरचं. पेरणी बहुधा ऑक्टोबरची; बेरीच्या पोथीत तिथे दगडाचं वजन ठेवलेला, घोड्याने ओढलेला दातेरी कुळव आहे आणि मागे धनुर्धारी बुजगावणं.

पण प्रदेश बदलला की महिना सरकतो. गव्हाची कापणी इटलीत जूनमध्येच दिसते, इंग्लंडमध्ये ऑगस्टपर्यंत लांबते. म्हणून चित्रावरून केलेला अंदाज त्या पानावर तारखांपुढे लिहिलेल्या संतांच्या नावांशी ताडून घ्या: 24 जूनला बाप्तिस्मा देणारा योहान, 29 सप्टेंबरला मायकेल, 1 नोव्हेंबरला सर्व संत. मोठे सण बहुधा लाल किंवा सोनेरी शाईत असतात, ते आधी वाचा. त्या महिन्याच्या राशीचं चित्र असेल तर तेही मदतीला येतं, पण कर्क कधीकधी खेकड्याऐवजी शेवंडासारखी काढलेली असते.

एक पथ्य मात्र पाळा. लट्रेल साल्टर या इंग्लंडमधल्या स्तोत्रांच्या पोथीतली (सुमारे 1325–1340) चार बैलांची नांगरट किंवा कुळवामागचा गोफणवाला दिनदर्शिकेत नाही, स्तोत्रांखालच्या समासात आहे. अशा चित्रावर महिन्याची चिठ्ठी चिकटवू नका.