शाळेकडे मुलाचा हक्क लेखी कसा मागावा: विशेष गरजा असलेल्या मुलांच्या पालकांसाठी

माझा मुलगा तिसरीत असताना त्याला अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यात सतत येणारी अडचण) असल्याचे निदान झाले. तेव्हापासून आधी त्याच्यासाठी आणि पुढे ओळखीतून आलेल्या अनेक पालकांसाठी मी शाळांना अर्ज लिहीत आले आहे. यातील बहुतेक पालकांना कोणीतरी आधीच एक सल्ला दिलेला असतो: शाळेशी गोडीने बोलून घ्या, कायद्याचे नाव काढलेत तर राग मुलावर निघेल. हा सल्ला चुकीचा आहे आणि त्यापायी माझ्या मुलाची तीन वर्षे वाया गेली. शाळेशी सौजन्याने वागावेच. पण जे मागायचे ते लेखी मागावे आणि त्याची पोच घ्यावी.

आधार कोणत्या कायद्याचा घ्यावा

मुख्य आधार दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याचा घ्यावा. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, ते यात २१ झाले आणि अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, वाचा व भाषा दोष यांचा त्यांत समावेश झाला. शाळेपुरते पाहिले तर त्याचे कलम १६ सर्वांत महत्त्वाचे आहे. भेदभाव न करता प्रवेश देणे, मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी करणे, आवश्यक तर वैयक्तिक साहाय्य देणे, अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून त्यावर अध्यापनाचे उपाय योजणे आणि प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवणे या सर्व गोष्टी त्या एका कलमात आहेत. ते कलम शासनाने अनुदान दिलेल्या तसेच केवळ मान्यता दिलेल्या शाळांनाही धरून लिहिले आहे, त्यामुळे ‘आमची शाळा विनाअनुदानित आहे’ हे उत्तर पालकांनी मान्य करण्याचे कारण नाही.

दुसरा आधार बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याचा. तो ६ ते १४ वयोगटासाठी आहे आणि २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग बालकांचा वंचित गटात समावेश झाल्यामुळे खासगी शाळांतील २५ टक्के राखीव प्रवेशांसाठीही ती पात्र ठरतात. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार हा कायदा अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना लागू होत नाही. म्हणून अर्जात २०१६ च्या कायद्याचा उल्लेख नेहमी आधी करावा.

कागदपत्रे

निदानाचा अहवाल, असल्यास दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र), आणि मुलाच्या वह्या व उत्तरपत्रिकांची चार-पाच पाने, एवढे पुरे.

‘आधी प्रमाणपत्र आणा, मग बघू’ असे शाळा म्हणाली तर मात्र तेथे थांबून राहू नये. प्रमाणपत्रासाठी केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी करून शासकीय रुग्णालयात तपासणीची तारीख घ्यावी लागते, त्यात महिने जातात, आणि अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र तर वयाची ८ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी मिळतच नाही. अध्ययन अक्षमता ओळखण्याची जबाबदारी कलम १६ मध्येच घातलेली असल्यामुळे दुसरीतल्या मुलाला ‘प्रमाणपत्र नाही’ म्हणून मदत नाकारणे त्या कलमाच्या उद्देशालाच धरून नाही. प्रमाणपत्रातील टक्केवारी किंवा निदान चुकीचे वाटल्यास कलम ५९ खाली अपील करता येते.

४० टक्क्यांविषयीही मोठा गैरसमज आहे. ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण (कलम ३१), मोफत पुस्तके व साधने, पुढे उच्च शिक्षणातील ५ टक्के आरक्षण यांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. कलम १६ मधील सोयींसाठी अशी अट घातलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात, केवळ दिव्यांगत्व ४० टक्क्यांहून कमी आहे म्हणून लेखनिक (परीक्षार्थी सांगेल ते उत्तर लिहिणारी व्यक्ती) नाकारता येणार नाही, असे स्पष्ट केले आहे. शाळेने ४० टक्क्यांचे कारण पुढे केल्यास या निकालाचा एका ओळीत उल्लेख करावा.

अर्ज लिहिणे

सारे अडते ते येथे, आणि माझेही येथेच अडले होते.

तिसरी ते पाचवी अशी तीन वर्षे मी शाळेत दर सत्राला जाऊन वर्गशिक्षिकेला आणि मुख्याध्यापिकेला भेटत असे. दोघीही आपुलकीने बोलत, ‘आम्ही लक्ष देऊ’ म्हणत आणि मी समाधानाने घरी येत असे. जूनमध्ये वर्ग बदलला की नव्या शिक्षिकेला काहीही ठाऊक नसे आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागे. सहावीच्या पहिल्या सत्रात मुलाला पूर्ण वर्गासमोर मोठ्याने वाचायला उभे केले गेले, तो अडखळला, मुले हसली, आणि त्यानंतर तो आठ दिवस शाळेत जायला तयार नव्हता. मी तक्रार घेऊन गेले तेव्हा मला सांगण्यात आले की त्याला अशी काही अडचण असल्याची शाळेकडे नोंदच नाही. ते खरे होते, कारण मी एकदाही कागद दिलेला नव्हता.

त्यानंतर मी पहिला अर्ज लिहिला तोही वाईटच होता. ‘माझ्या मुलाकडे विशेष लक्ष द्यावे ही नम्र विनंती’ एवढाच त्याचा गाभा होता. अशा अर्जावर शाळा ‘लक्ष दिले जात आहे’ असे उत्तर देऊ शकते, आणि ते उत्तर खोटे ठरवण्याचा कोणताही मार्ग पालकाकडे उरत नाही. आज माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी आठ अर्ज याच स्वरूपाचे असतात, आणि ते मी परत लिहायला लावते.

चांगल्या अर्जात प्रत्येक मागणी अशी असावी की ती पूर्ण झाली की नाही हे एखाद्या तिऱ्हाइताला वर्गात पाहून सांगता यावे. त्यासाठी प्रत्येक मागणीच्या आधी मुलाची नेमकी अडचण एका वाक्यात लिहावी आणि लगेच सोय मागावी. उदाहरणार्थ: ‘फळ्यावरील मजकूर उतरवून घेताना त्याच्या ओळी सुटतात, म्हणून त्याला पहिल्या किंवा दुसऱ्या बाकावर बसवावे आणि लांब टिपणांची छापील प्रत द्यावी.’ ‘त्याला उत्तर तोंडी सांगता येते पण तेवढ्याच वेळात लिहिता येत नाही, म्हणून घटक चाचणीत आणि सत्र परीक्षेत दर तासाला २० मिनिटे जादा द्यावीत.’ ‘त्याला पूर्वसूचनेशिवाय वर्गासमोर मोठ्याने वाचायला लावू नये.’ तासाला २० मिनिटे हा आकडा मनाने काढलेला नाही. लेखी परीक्षांसाठी केंद्र सरकारने २०१८ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत किमान भरपाईचा वेळ तेवढाच सांगितला आहे. मूल चाकाच्या खुर्चीवर असेल तर त्याचा वर्ग तळमजल्यावर ठेवण्याची, कमी ऐकू येत असेल तर शिक्षकांनी फळ्याकडे तोंड करून न बोलण्याची, स्वमग्न असेल तर वेळापत्रकातील बदल आदल्या दिवशी कळवण्याची मागणी अशाच पद्धतीने लिहिता येते.

मागण्या पाच-सहाच असाव्यात आणि बिनखर्चाच्या मागण्या आधी याव्यात. यामागे कायद्याचे कारण आहे. वाजवी सोयीच्या व्याख्येत ‘अवाजवी बोजा न पडता’ करता येण्याजोगे बदल असे म्हटले आहे, त्यामुळे शाळेला नकाराचे एकच सबळ कारण मिळू शकते आणि ते म्हणजे बोजा. बाक बदलणे, छापील प्रत देणे, वेळ वाढवणे यांत कोणालाही बोजा दाखवता येत नाही. विशेष शिक्षकाची मागणी जरूर करावी, पण ती शेवटी आणि स्वतंत्र परिच्छेदात करावी, म्हणजे तिच्यासाठी बाकीच्या सोयी अडकून पडणार नाहीत.

अर्जाच्या शेवटी दोन वाक्ये अवश्य असावीत. पहिले: ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २ मधील व्याख्येनुसार वाजवी सोय नाकारणे हा भेदभाव ठरतो, याची कृपया नोंद घ्यावी.’ दुसरे: ‘वरीलपैकी कोणती सोय केव्हापासून दिली जाईल आणि कोणती देता येणार नसल्यास त्याचे कारण काय, हे १५ दिवसांत लेखी कळवावे.’ १५ दिवस ही कायद्याने ठरवलेली मुदत नाही, ती आपण मागितलेली मुदत आहे. पण मुदत न लिहिलेल्या अर्जाला उत्तर मिळाल्याचे मी क्वचितच पाहिले आहे.

अर्जाची प्रत जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांना (महापालिका क्षेत्रात महापालिकेच्या शिक्षण विभागाला) पाठवावी आणि तसा उल्लेख अर्जाखाली करावा. याला पालक सर्वांत जास्त घाबरतात. ही धमकी आहे असे त्यांना वाटते. कलम १६ नीट वाचले तर लक्षात येते की शाळा समावेशक शिक्षण देतील हे पाहण्याची जबाबदारी शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणावर घातलेली आहे. ज्याच्यावर जबाबदारी आहे त्याला कळवणे हा त्या कलमाचाच भाग आहे, आणि शाळेने विचारल्यास शांतपणे हेच सांगावे.

अर्जात शिक्षकांच्या स्वभावाविषयी एक शब्दही लिहू नये. मुलाला झालेला त्रास लिहायचा असेल तर तारीख, तास आणि घडलेली गोष्ट एवढेच लिहावे.

पोच

दोन प्रती न्याव्यात, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नये, आणि कार्यालयाने पोच नाकारल्यास त्याच दिवशी अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी.

बैठकीला बोलावल्यावर

अर्जानंतर शाळा बहुधा बैठकीला बोलावते. अवश्य जावे, शक्यतो दोघांनी जावे, आणि घरी आल्यावर त्याच संध्याकाळी ‘आज झालेल्या चर्चेत पुढील गोष्टी ठरल्या’ असे सुरू होणारा ईमेल शाळेला पाठवावा. जे बोलणे ईमेलमध्ये आले नाही ते पुढच्या जूनमध्ये कोणालाही आठवत नाही.

बैठकीत पुढे केलेल्या कोणत्याही कागदावर तेथेच सही करू नये. मदतनीसाचा सर्व खर्च पालक करतील असे हमीपत्र, मुलाच्या वागण्याची पूर्ण जबाबदारी पालकांची असे हमीपत्र, आणि सर्वांत घातक म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला मिळावा असा पालकांच्या नावाने आधीच लिहून ठेवलेला अर्ज, हे तिन्ही मी पाहिले आहेत. ‘दुसरी शाळा त्याला जास्त मानवेल’ असे कितीही मायेने सांगितले तरी दाखल्याचा अर्ज लिहून देऊ नये, कारण मग मूल स्वखुशीने गेले अशी नोंद होते आणि पुढचा प्रत्येक मार्ग अवघड होतो. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, मुलाला शाळेतून काढता येत नाही, असे २००९ च्या कायद्याचे कलम १६ सांगते. २०१९ च्या दुरुस्तीने नापास करण्याविषयीचा भाग बदलला, हा भाग बदललेला नाही. तसेच तीव्र व बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घरी शिक्षण घेण्याचा पर्याय कायद्याने दिला आहे, पण तो निवडण्याचा हक्क मुलाच्या बाजूचा आहे. शाळेने तो लादायचा नाही.

उत्तर आले नाही किंवा नकार आला तर

१५ दिवसांनी एक स्मरणपत्र द्यावे, त्यात पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक लिहावा. एकच स्मरणपत्र पुरेसे आहे. तीन-चार स्मरणपत्रांत वर्ष घालवणारे पालक मी पाहिले आहेत.

शाळा जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची असेल तर त्याच वेळी गट साधन केंद्रात (महापालिका क्षेत्रात शहर साधन केंद्रात) जाऊन समग्र शिक्षा योजनेतील समावेशित शिक्षणाच्या तज्ज्ञांना भेटावे. साहाय्यक साधने, प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता आणि फिरत्या विशेष शिक्षकांची भेट हे सर्व तेथून चालते, आणि मुलाचे नाव त्यांच्या यादीत नसेल तर यांतील काहीही मिळत नाही. शिक्षणाधिकाऱ्यांकडून आपल्या अर्जावर काय कार्यवाही झाली हे माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली विचारता येते. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

तरीही सोय मिळाली नाही, तर दिव्यांग व्यक्तींसाठीच्या राज्य आयुक्तांकडे तक्रार करावी. महाराष्ट्रात हे कार्यालय पुण्यात आहे. गोव्यातील पालकांनी त्यांच्या राज्याच्या आयुक्तांकडे जावे, कायदा तोच आहे. साक्षीदार बोलावणे, कागदपत्रे मागवणे यांसाठी आयुक्तांना कलम ८२ ने दिवाणी न्यायालयाचे अधिकार दिले आहेत. त्यांनी शिफारस केल्यास संबंधित प्राधिकरणाने कार्यवाही करून ३ महिन्यांत कळवायचे असते. वकील लावण्याची सक्ती नाही, आणि आधीच्या सर्व पायऱ्या लेखी झालेल्या असतील तर बहुतेक पालकांना त्याची गरजही पडत नाही. तक्रार दोन पानांहून मोठी करू नये. घटना तारखेनुसार लिहाव्यात, आणि पोच असलेला पहिला अर्ज, स्मरणपत्र, बैठकीनंतरचा ईमेल, शाळेचे उत्तर आल्यास ते, आणि निदानाचा अहवाल या क्रमाने प्रती जोडाव्यात.

दहावी-बारावीच्या परीक्षेसाठी

बोर्डाच्या सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फतच विभागीय मंडळाकडे जातो, म्हणून नववी संपण्यापूर्वी प्रमाणपत्र हातात असावे आणि दहावीच्या जूनमध्ये अर्ज शाळेत दिलेला असावा. लेखनिक घ्यायचा असेल तर नववीच्या परीक्षांपासूनच त्याच्यासह लिहिण्याचा सराव करावा, कारण उत्तर तोंडी सांगून दुसऱ्याकडून लिहून घेणे हे स्वतंत्र कौशल्य आहे, आणि परीक्षेच्या दिवशी ते प्रथमच करणाऱ्या मुलाचा जादा मिळालेला वेळ त्यातच संपतो.