माथेरानला घोड्यावर बसण्याआधीची पाच मिनिटं

दिवाळीच्या नाहीतर मे महिन्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या दवाखान्यात, कुत्र्याला इंजेक्शन देऊन झालं की हमखास प्रश्न येतो, "डॉक्टरबाई, माथेरानला चाललोय. मुलांना घोड्यावर बसवायचंय. काही बघून घ्यायला लागतं का?" लागतं. पण ते दारात उभ्या उभ्या सांगून होत नाही, म्हणून एकदा नीट लिहून काढतेय.

मी जनावरांची डॉक्टर. आणंदला शिकले, प्रॅक्टिस बडोद्यात. रोज येतात ती कुत्री आणि मांजरं, पण लग्नसराईत वरघोड्यातल्या, म्हणजे वरातीतल्या, घोड्याही बघायला जावं लागतं. लहानपणी आजोबा कमाटीबागेत न्यायचे, तेव्हा दाराजवळच्या काळ्या घोड्याच्या पुतळ्यापाशी मी थांबायचेच. त्यावर बसलेल्या सयाजीराव महाराजांकडे नंतर, आधी घोड्याचे पाय बघायचे. अजूनही कुठलाही घोडा दिसला की नजर पहिली पायांकडेच जाते.

तरी एकदा चुकलेच. चार वर्षांपूर्वी भाऊ, वहिनी आणि अकरा वर्षांच्या भाचीबरोबर माथेरानला गेले होते. भाचीला घोड्यावर चढवलं आणि मी तिचे फोटो काढत बसले. घोडेवाला म्हणाला, "ताई, बिनधास्त राहा, गरीब आहे घोडा." घोडा खरोखरच गरीब होता. पण तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, ढिला होता. पहिल्याच उतारावर खोगीर एका बाजूला कललं आणि पोर त्याच्यासकट लाल मातीत पडली. मनगट मोडलं. घोडा जागच्या जागी थांबला म्हणून तेवढ्यावर निभावलं. "आत्या, मी धरलं होतं गं घट्ट," असं ती रडत रडत सांगत होती, आणि तिचं खरंच होतं, तिनं खोगीर घट्टच धरलं होतं. खोगीर घट्ट आहे का, हे बघायचं काम माझं होतं. रपेट कशी होणार हे पॉइंटवर ठरत नाही, रिकिबीत पाय घालण्याआधीच्या पाच मिनिटांत ठरतं.

जायचं कसं, ते थोडक्यात. बडोद्याहून रात्रीच्या गाडीने दादर, तिथून कर्जतची लोकल, नेरळला उतरायचं, टॅक्सीने दस्तुरी नाका. मोटारी तिथेच थांबतात, पुढे गावात खासगी मोटारींना बंदी आहे. १९०७ साली सुरू झालेली नेरळची छोटी गाडीही आहे, पण पावसाळ्यात ती नेरळपासून चालत नाही. घोड्यासाठीही पावसाळा टाळाच. ओली लाल माती साबणासारखी होते.

दस्तुरीला उतरलात की चार जण येऊन घेरतील. तिथेच घोडा ठरवायची घाई करू नका. सामान घेऊन गावात जा, हॉटेलवर टेका, चहा घ्या, आणि संध्याकाळी बाजारात फिरताना घोडे बघून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी सातची वेळ सांगा. सकाळी घोडा ताजा असतो, ऊन नसतं, वाटेवर गर्दीही नसते. भारवाहू जनावरांसाठी केंद्र सरकारचे १९६५ चे नियम आहेत. पारा ३७ अंशांच्या वर गेला की दुपारी बारा ते तीन जनावराला कामाला लावायचं नाही, आणि दिवसभरात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही, असं त्यात लिहिलंय. मे महिन्यात दुपारी दोनला "लगेच नेतो, स्वस्तात नेतो" असं कोणी म्हणालं, तर तुम्ही नाही म्हणा.

आता घोडा बघायचा कसा. याला डॉक्टर लागत नाही.

आधी दहा पावलं लांबून बघा. मागचा एक पाय सैल सोडून, खुराचं टोक जमिनीला टेकवून घोडा उभा असेल तर काळजी नको. घोडे उभ्यानेच डुलकी काढतात, आणि मागचे पाय आळीपाळीने विसावतात. पुढचा पाय असा पुढे काढून ठेवला असेल तर मात्र तो बहुतेक दुखतोय, कारण पुढच्या पायांना घोडा असा विसावा देत नाही. मग घोडेवाल्याला म्हणा, "दादा, जरा चालवून दाखवा." वीस पावलं पुरतात. चालताना डोकं एका लयीत हलतं का बघा. दुखरा पुढचा पाय जमिनीला टेकला की घोडा डोकं वर झटकतो, आणि चांगल्या पायावर पुन्हा खाली आणतो. असं डोकं झटकत चालणारा घोडा स्वस्तातही घेऊ नका.

त्यानंतर बरगड्या. हात फिरवल्यावर लागाव्यात, पण लांबूनच मोजता येत असतील तर त्याला पोटभर मिळत नाहीये. मग श्वास. कुशीकडे बघत मिनिटभर मोजा. आरामात उभा असलेला घोडा मिनिटाला आठ ते सोळा वेळा श्वास घेतो. नुकताच खेप टाकून आला असेल तर जास्त असणारच, पण दहा-पंधरा मिनिटं सावलीत उभा राहूनही नाकपुड्या फुलतच असतील तर त्याला आज अजून एक माणूस पाठीवर नको आहे.

आणि पाठ. हे विचारायला लोक संकोचतात, पण विचाराच, "दादा, खोगीर घालण्याआधी पाठ बघू का?" चांगला घोडेवाला हसून घोंगडी बाजूला करतो. आयाळ संपते तिथला उंचवटा, त्याच्या मागची दोन्ही बाजूंची पाठ, आणि पुढच्या पायांमागे तंग येतो ती जागा, या तीन ठिकाणी बघा. केस गेलेले, ओली जखम, माशा बसताहेत, सूज, यातलं काहीही दिसलं तर तो घोडा नको. पांढऱ्या केसांचे ठिपके म्हणजे जुन्या जखमा, भरलेल्या. ते चालतात, पण आताचं खोगीर नीट बसतंय ना, एवढं बघून घ्या.

वजनाबद्दल मला स्पष्ट बोलायचंय. बसणाऱ्याचं आणि खोगिराचं वजन मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत असावं. खोगीर आठ-दहा किलोचं धरा. पंच्याहत्तर किलोच्या माणसाला मग निदान सव्वाचारशे किलोचा घोडा हवा, आणि डोंगरातली बरीच तट्टं यापेक्षा पुष्कळ लहान असतात. त्याच १९६५ च्या नियमांत तट्टावर लादायच्या ओझ्याची मर्यादा ७० किलो आहे. त्यामुळे वडिलांना मोठा घोडा मागा, नाही मिळाला तर वडिलांनी शेजारून चालावं. लेकराला पुढ्यात बसवून आई मागे, असं तर करूच नका. घोड्यावर ओझं वाढतं, आणि पडलात तर आई लेकरावर पडते.

पैशाचं बोलणं चढण्याआधीच संपवा. दरपत्रक लावलेलं असतं, ते वाचा, आणि परवान्याचा नंबर विचारा. कोणते पॉइंट, किती वेळ, दर माणशी की घोड्यामागे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सोबत कोण चालणार आणि किती घोड्यांमागे एक माणूस. लहान मूल बसणार असेल तर त्या घोड्याची दोरी पूर्ण वेळ माणसाच्या हातात हवी. घासाघीस फार करू नका. तो माणूस लाल धुळीतून तुमच्याबरोबर दोन तास चालणार आहे, आणि मिळालेल्या पैशातून आधी घोड्याचा चारा आणि चणे येतात. पहिल्यांदाच बसत असाल तर पेमास्टर पार्क, शार्लोट लेक, लॉर्ड पॉइंट, इको पॉइंट एवढा फेरा पुरे. पॅनोरमा पॉइंट सुंदर आहे, पण लांब आहे. तिथे पहिल्याच दिवशी जाऊ नका.

कपड्यांत फार काही नाही. पूर्ण लांबीची, जरा सैल पँट, आणि थोडी टाच असलेले बंद बूट. टाच अशासाठी की पाय रिकिबीतून आरपार जाऊ नये. पाय अडकून माणूस फरफटत जाणं हा घोडेस्वारीतला सगळ्यात वाईट अपघात. चपला, क्रॉक्स हॉटेलवर ठेवा. ओढणी कमरेला बांधा. मुलाचं सायकलचं हेल्मेट घरून न्या. ते घोडेस्वारीचं नसलं तरी उघड्या डोक्यापेक्षा कितीतरी बरं. धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं आहे ना, तेही बघा. लिदीत आणि लिद पडलेल्या मातीत त्याचे जंतू असतात, आणि खरचटणं तिथे सहज होतं. पाठीचा मणका सरकलेला असेल किंवा दिवस गेलेले असतील तर घोडा नकोच.

जवळ जायचं ते खांद्याच्या बाजूने, हळू बोलत. घोड्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, फक्त शेपटीच्या थेट मागचं आणि कपाळाच्या अगदी पुढचं दिसत नाही. कान बघा. आमच्या काठियावाडी घोड्यांचे कान आत वळून टोकाला टोक भिडतात, त्या कानांवर माझा विशेष जीव आहे. जात कुठलीही असो, कान मागे मानेला चिकटवलेले असले तर दोन पावलं मागे या.

आता तंग. खोगीर चढलं की पोटाखालच्या पट्ट्यात बोटं घालून बघा. दोन बोटं ओढून जातील इतका घट्ट हवा, अख्खा पंजा जात असेल तर ढिला. बरेच घोडे तंग कसताना पोट फुगवून धरतात, म्हणून घोड्याला चार पावलं चालवून तो पुन्हा कसायला सांगा. चढल्यावर पाच मिनिटांनी आणखी एकदा. भाचीच्या वेळी हे शेवटचं कसणं राहिलं होतं.

रिकिबीची लांबी चढण्याआधीच बघता येते. हात सरळ करून बोटांची टोकं रिकिबीचा पट्टा अडकवतात तिथे लावा, रिकीब ओढून काखेत आली पाहिजे. मुलांची रिकीब हमखास लांब असते. पट्ट्याला भोक नाही म्हणून पट्ट्यातच पाय अडकवतात, ते चालवून घेऊ नका, दुसरं खोगीर मागा.

चढायचं डावीकडून. दगडावर नाहीतर ओट्यावर उभं राहून चढलात तर घोड्याची पाठही ओढली जात नाही. डाव्या हातात लगाम आणि मूठभर आयाळ, डावा पाय रिकिबीत, उजवा पाय मागून वर नेऊन हळू बसा. धपकन बसलात की ते सगळं त्याच्या कण्यावर येतं. पायाचा फक्त चवडा रिकिबीत, टाच खाली. मांड घट्ट म्हणजे मांड्या घट्ट, टाचा नव्हेत. घाबरलेला माणूस टाचा आवळतो, घोड्याला ते "चल" असं वाटतं, तो वेग वाढवतो, माणूस आणखी आवळतो. भीती वाटली तर टाचा सोडा, खोगिराची पुढची कडी धरा आणि श्वास सोडा.

लगामाला लटकू नका. तोंडातलं लोखंडी कडियाळं जिभेवर आणि पुढचे दात व दाढा यांच्यामधल्या मोकळ्या हिरडीवर बसतं. स्वतःच्या हिरडीवर चमचा दाबून बघा, म्हणजे कळेल.

चढावर थोडं पुढे झुका. उतारावर किंचित मागे, पाय जरा पुढे. पुढच्या घोड्यापासून एक घोडा मावेल इतकं अंतर ठेवा, मागून चिकटलात की लाथ बसते आणि ती बहुधा तुमच्या गुडघ्याला लागते. "पळवू का?" असं विचारतीलच. "नको दादा, कदमानंच चालू द्या" म्हणा. दुडकी चाल शिकल्याशिवाय झेपत नाही. शिवाय दगडी फरशीवर लोखंडी नाल घसरतो, तिथे तर घोडा चालतच गेला पाहिजे. फोन चेनच्या खिशात ठेवा. वेफर्सचं पाकीट वर बसून फोडू नका. माथेरानची माकडं तो आवाज ओळखतात, आणि माकडानं पिशवीवर झडप घातली की गरीबातला गरीब घोडाही उडी मारतो.

अर्ध्या वाटेवर, तळ्यापाशी वगैरे, पाच मिनिटं उतरा. तुमच्या मांड्यांना बरं आणि त्यालाही. मुलांना घोड्याला चिक्की भरवायची हौस येते, ती थांबवा. घोड्याला उलटी करता येत नाही. नको ते पोटात गेलं की पोटशूळ उठतो, आणि त्यात घोडा जातोही. गाजराचे लांब काप नेले असतील तर घोडेवाल्याला विचारून तळहात सपाट ठेवून द्या, अंगठा आत चिकटलेला. ऊन ऊन श्वास आणि मऊ ओठ तळव्यावरून फिरतात, भाचीला तेवढ्यासाठी परत जायचं होतं.

हो, ती परत बसली. पुढच्या वर्षी, त्याच रस्त्यावर, पण तंगात स्वतः दोन बोटं घालून.

उतरताना आधी दोन्ही पाय रिकिबीतून काढा, मग पोटावर टेकून घसरत खाली या, गुडघे जरा वाकवून. लगेच निघून जाऊ नका. खोगीर उतरवलं की घोंगडीखालचा घाम बघा. सगळीकडे सारखा ओला असेल तर खोगीर नीट बसलं होतं. मध्येच कोरडा ठिपका असेल तर तिथे दाब पडतोय, ते घोडेवाल्याला दाखवा, चांगल्या शब्दांत. घोड्याला पाणी मिळेपर्यंत थांबा, ठरलेले पैसे द्या, वर खुशी द्यायची असेल तर चालत आलेल्या माणसाच्या हातात द्या. आणि घोडा आवडला असेल तर त्याचं नाव विचारून उद्यासाठी तोच सांगून ठेवा.