टोमॅटोच्या पानावर डाग? फवारणीआधी पान उलटून पाहा

पावसाची झड लागून हवा कोंदट झाली की परसातल्या आणि कुंडीतल्या टोमॅटोच्या पानांवर डाग उमटू लागतात. डाग दिसताच बुरशीनाशकाचा पुडा फोडण्याची घाई नको. आधी दोन गोष्टी पाहा: लक्षण बुडाकडच्या जुन्या पानांवर सुरू झाले की शेंड्याच्या कोवळ्या पानांवर, आणि पान उलटल्यावर खाली काय दिसते. निम्मे निदान इथेच होते.

बुडाकडून चढत जाणारे तपकिरी डाग बहुधा लवकर येणाऱ्या करप्याचे. डागात एकात एक वर्तुळे दिसतात, भोवती पिवळी कडा असते. 24 ते 29 अंश तापमान आणि ओली पाने असली की तो फोफावतो. सेप्टोरिया या दुसऱ्या बुरशीचे ठिपके मात्र बारीक, 2-3 मिलिमीटरचे आणि संख्येने भरपूर. मध्य राखाडी, कडा गडद. भिंगातून पाहिल्यास मध्यावर काळे कण दिसतात. या दोघांत गल्लत झाली तरी घरच्या बागेत फारसे बिघडत नाही, कारण उपाय जवळपास तेच आहेत. दोन्ही बुरश्या जुन्या पालापाचोळ्यात तग धरतात आणि पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर खालच्या पानांवर उडतात. म्हणून डागाळलेली पाने काढा, झाड मोठे झाल्यावर जमिनीलगतची वीतभर उंचीपर्यंतची पानेही काढा, बुडाशी आच्छादन घाला आणि पाणी पानांवर न मारता मुळाशी द्या. झाड ओले असताना मात्र पानांना हात लावू नका. मॅन्कोझेब किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक निरोगी पान वाचवते. पडलेला डाग त्याने जात नाही. प्रमाण आणि फवारणी ते तोडणी यातले अंतर वेष्टनावर लिहिल्याप्रमाणेच ठेवा.

खरी धावपळ करायची ती उशिरा येणाऱ्या करप्यासाठी. गार, ढगाळ, भिजट हवेत पानांवर पाणी मुरल्यासारखे काळपट-हिरवे मोठे चट्टे पडतात. सकाळी पान उलटले तर चट्ट्याच्या कडेने पांढरी बुरशी दिसते. खोडावर काळपट पट्टे, फळावर तपकिरी टणक डाग. 1845 पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडवून दुष्काळ आणणारा तो हाच रोग. हवा जुळली तर काही दिवसांतच झाड करपते, म्हणून रोग पसरलेले झाड उपटून पिशवीत बंद करा. कंपोस्टमध्ये टाकू नका. शेजारी बटाटा असेल तर त्याचीही पाने तपासा.

शेंड्याकडची पाने लहान, पिवळसर कडांची, वर वळलेली आणि झाड खुजे राहिले असेल, तर तो विषाणूजन्य पर्णगुच्छ. पानाखाली पांढरी माशी आहे का पाहा. ती रोग पसरवते. यावर औषध नाही. झाड लहान असतानाच लागण झाली असेल तर ते काढून टाकलेले बरे. उरलेल्या झाडांसाठी पिवळे चिकट सापळे लावा आणि निंबोळी तेल पानांच्या खालच्या बाजूने फवारा.

मात्र पान वळले की विषाणूच, असे धरून चालू नका. खालची पाने जाडसर होऊन गुंडाळली, पण रंग हिरवाच आणि शेंडा जोमदार असेल, तर ते कडक ऊन, पाण्याची ओढाताण किंवा अति छाटणीमुळे. अशी धडधाकट झाडे उपटणे म्हणजे हातची फळे घालवणे. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियमची कमतरता समजावी. पानात पांढऱ्या नागमोडी रेषा म्हणजे नागअळी. पाने थोडी असतील तर अळी बोटाने चिरडली तरी चालते.

एक लक्षण डागांशिवाय येते: हिरवेगार झाड अचानक माना टाकते. खोडाचा बुडाकडचा तुकडा कापून ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात उभा धरा. काही मिनिटांत दुधाळ धागा खाली उतरला तर ती जिवाणूजन्य मर. झाड मुळासकट काढा, कात्री निर्जंतुक करा आणि त्या जागी पुढची काही वर्षे टोमॅटो, वांगी, मिरची किंवा बटाटा लावू नका. कुंडी असेल तर माती पूर्ण बदला.