जीवशास्त्राचा ऑनर्स प्रबंध: विषय मे महिन्यातच ठरवा

पदवीच्या चौथ्या वर्षाला ‘ऑनर्स विथ रिसर्च’ घेतलेली मुलं जुलैत विषय विचारायला येतात. गाईड ठरेपर्यंत गणपती येतात, विषय मंजूर होईपर्यंत दिवाळी. तोवर तेरडा बिया उडवून मोकळा झालेला असतो, डबकी आटायला लागलेली असतात, आणि मुलगा विचारतो, “सर, आता पावसाळी वनस्पती कुठे मिळतील?” पुढच्या जूनमध्ये.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्याप्रमाणे पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून जास्त गुण असतील तर चौथ्या वर्षी संशोधनाची वाट घेता येते. त्यात प्रकल्पाला १२ क्रेडिट असतात. तुमच्या विद्यापीठाचे बारीकसारीक नियम कार्यालयातून लेखी घ्या, सीनियरच्या तोंडी माहितीवर विसंबू नका. वर्ष म्हटलं तरी परीक्षा आणि सुट्ट्या वजा जाता हातात पाच-सहा महिनेच उरतात.

म्हणून पहिलं काम मे महिन्यात करा. एका कागदावर तुमच्या सजीवाचं वर्ष मांडा: पालवी कधी, फुलं कधी, अंडी कधी. शेजारी कॉलेजचं वेळापत्रक ठेवा. दोन्ही जुळत नसतील तर सजीव बदला, कारण कॉलेज बदलणार नाही. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. तिच्या परागीभवनावर काम करायची हौस असेल तर पीएचडीची वर्षंही पुरणार नाहीत.

प्रश्न लहान करा

“प्रदूषणाचा वनस्पतींवर परिणाम” हा विषय झाला, प्रश्न नव्हे. माझ्याकडच्या एका विद्यार्थिनीने त्याचा प्रश्न असा केला: हायवेलगतच्या करंजाच्या पानांवर पर्णरंध्रांची (पानावरच्या सूक्ष्म छिद्रांची) घनता कॉलेजच्या आवारातल्या करंजापेक्षा वेगळी आहे का? झाड एक, जागा दोन, मोजायची गोष्ट एक. उत्तर ‘हो’ आलं काय आणि ‘नाही’ आलं काय, प्रबंध उभा राहतो.

खरं तर तिने आधी कण्हेर निवडली होती, कारण दुभाजकांवर तीच असते. पानाला पारदर्शक नेलपॉलिश लावायचं, वाळलं की सेलोटेपने ठसा उचलायचा आणि स्लाइडवर चिकटवून पाहायचं, ही साधी पद्धत. दोन आठवडे ठसे उचलले, रंध्र एक दिसेना. कण्हेरीची रंध्रं पानाच्या खालच्या बाजूला केसाळ खळग्यांत दडलेली असतात, तिथे नेलपॉलिश पोचत नाही. हे तिने वर्गात आकृती काढून शिकलेलं आणि मी शिकवलेलं! तेव्हा विषय मंजुरीला द्यायच्या आधी चार-पाच पानांवर पद्धत करून बघा. करंजाचा ठसा पहिल्याच दिवशी स्वच्छ आला.

संदर्भ शोधताना शास्त्रीय नाव एकच धरू नका. करंज पोंगामिया, डेरिस आणि मिलेशिया अशा तिन्ही नावांनी सापडतो. ओळखीविषयी शंका असेल, विशेषतः गवतांच्या बाबतीत, तर नमुना दाबून-वाळवून जाणकाराला दाखवा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम मंडल आणि आघारकर संशोधन संस्था, दोन्हीकडे वनस्पतिसंग्रह आहेत.

परवानग्यांचं आधीच बघा. अभयारण्यातून काही गोळा करायचं असेल तर वनविभागाची लेखी परवानगी लागते आणि ती आठवड्याभरात मिळत नाही. उंदीर, बेडूक, मासे यांच्यावर प्रयोग असेल किंवा माणसांकडून माहिती घ्यायची असेल, तर नैतिकता समितीकडे जावं लागतं. पहिल्याच प्रबंधाला रस्त्यावरचं झाड किंवा परसातली मुंगी उत्तम.

रीडिंग घेण्याआधीचा हिशेब

इथे थोडं रेंगाळतो, कारण प्रबंध बुडतात ते इथेच.

हायवेवरची पाच झाडं, प्रत्येकाच्या दहा पर्णिका (करंजाचं एक पान ज्या छोट्या पानांचं बनतं ती), प्रत्येक पर्णिकेवर तीन जागा. रीडिंग दीडशे झाली. नमुने किती? पाच. एकाच झाडाची पानं ही भावंडं असतात. तुमची तुलना झाडांची आहे, म्हणून प्रत्येक झाडाची एक सरासरी काढायची आणि तीच चाचणीत घालायची. दीडशे आकडे जसेच्या तसे टी-चाचणीत (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासणाऱ्या गणितात) टाकले तर नसलेला फरकही ठळक दिसू शकतो, आणि बाहेरचे परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतात. त्यामुळे पानं कमी घ्या, झाडं वाढवा.

आमचं ठरलं ते असं: प्रत्येक जागी दहा झाडं, झाडाच्या पाच पर्णिका. म्हणजे शंभर स्लाइड. एकीला वीस मिनिटं धरली तर तेहतीस तासांहून थोडं जास्त. सूक्ष्मदर्शक आठवड्यातून दोन दुपारी तीन-तीन तास मिळणार, म्हणजे जवळजवळ सहा आठवडे, तेही वीज न जाता. हा गुणाकार केला की अर्ध्याअधिक महत्त्वाकांक्षी योजना आपोआप गळतात.

घनता काढायला आधी दृश्यक्षेत्राचं, म्हणजे सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या वर्तुळाचं, क्षेत्रफळ लागतं. आयपीसवर (डोळ्याकडच्या भिंगावर) दृश्यक्षेत्राचा १८ हा आकडा असेल आणि ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडकडचं भिंग) ४० चं असेल, तर व्यास १८ भागिले ४०, म्हणजे ०.४५ मिमी, क्षेत्रफळ सुमारे ०.१५९ चौरस मिमी. त्यात ३२ रंध्रं मोजली तर घनता दर चौरस मिमीला सुमारे २०१. स्टेज मायक्रोमीटर (बारीक मोजपट्टी कोरलेली स्लाइड) असेल तर त्याने एकदा पडताळा.

आणखी एक युक्ती: स्लाइडवर जागेचं नाव लिहू नका. मैत्रिणीला सांकेतिक क्रमांक घालायला सांगा, यादी तिच्याचकडे ठेवा. काठावरचं अर्धं रंध्र मोजायचं की सोडायचं हे ठरवताना, ‘ही हायवेची’ असं माहीत असलं की हात आपोआप कलतो.

लिहिणं

‘साहित्य आणि पद्धती’ काम चालू असतानाच लिहा. डिसेंबरात घेतलेली तिसरी पर्णिका टोकाकडून तिसरी की देठाकडून, हे मार्चमध्ये कुणालाही आठवत नाही. मग निष्कर्ष, त्यांच्यावरची चर्चा, त्यानंतर प्रस्तावना आणि सगळ्यात शेवटी सारांश. आलेख आर या मोफत प्रणालीत काढता येतात, एक्सेलही चालतं. फक्त रंगीबेरंगी त्रिमितीय खांब नकोत.

वाङ्मयचौर्याबाबत आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. पण त्या आकड्याच्या भरवशावर परिच्छेद उचलू नका. वाचलेलं पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत लिहिलं की तपासणीची धास्ती उरत नाही.

गाईडला पूर्ण मसुदा एकदम देऊ नका. तीसेक पानांचा गठ्ठा टेबलावर पडून राहतो. सहा पानांचं एक प्रकरण लाल शाईने रंगून तीन दिवसांत परत येतं.

फरक आढळला नाही तर रडू नका आणि आकडे तर मुळीच हलवू नका. ‘या वीस झाडांत फरक दिसला नाही’ असं सरळ लिहा आणि किती लहान फरक तुमच्या नमुन्यातून निसटू शकला असता, तेही सांगा.

स्पायरल बायंडिंग झालं म्हणून स्लाइड फेकू नका. खोक्यात क्रमाने लावून, सांकेतिक क्रमांकांच्या यादीसह व्हायवाला घेऊन जा. आमच्या परीक्षकांनी प्रबंध उघडायच्या आधी विचारलं होतं, “सत्तेचाळीस नंबरची दाखवता?”