चीनचं एमबीबीएस, लातूरच्या माडीवरून

जानेवारी 2020 मध्ये वसंतोत्सवाच्या, म्हणजे चिनी नववर्षाच्या सुट्टीला चीनहून एका पिशवीनिशी घरी आलो. ॲप्रन, पुस्तकं होस्टेलवरच राहिली. कोविडमुळे 28 मार्चला चीनने परदेशी लोकांना दारं लावली, ती आम्हा विद्यार्थ्यांसाठी ऑगस्ट 2022 मध्ये उघडली. मधला काळ लातूरला घराच्या माडीवर ऑनलाइन वर्गात गेला. तिकडचा आठचा तास म्हणजे आपली पहाटेची साडेपाच. नोव्हेंबर 2020 मध्ये भारताने डिंगटॉकवर, म्हणजे ज्या चिनी ॲपवर आमचा वर्ग भरायचा त्यावर, बंदी घातली, वर्ग दुसऱ्या ॲपवर गेला. वीज जायची, नेट जायचं. यातलं सगळं निभावतं, घाबरू नका.

मला बुडवलं ते चिनीच्या तासाने. विषय इंग्रजीत होते, म्हणून चिनीच्या तासाला हजेरी लावून मी पॅथॉलॉजी वाचायचो. रेकॉर्डिंग आहे, नंतर बघू! पण रेकॉर्डिंग तुमचा उच्चार दुरुस्त करत नाही. चिनीत सूर चुकला की शब्दच बदलतो. एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची चौथी पातळी मी घरी पाठांतरावर काढली. बोलण्याची परीक्षा वेगळी असते, ती दिलीच नाही.

परत गेल्यावर वॉर्डात एक आजी म्हणाल्या, "याओ सुआन." मला फक्त 'सुआन' कळलं, म्हणजे आंबट. मी ॲसिडिटी लिहिली. त्यांची कंबर आंबली होती. आपणही अंग आंबलं म्हणतोच की! सरांनी कागद परत दिला, आजींनी तोंड फिरवलं. ते तोंड मला अजून दिसतं.

एजंट सांगेल, "इंग्लिश मीडियम आहे, चिनी लागत नाही." साफ खोटं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर 2021 च्या नियमाने 54 महिन्यांचा अभ्यासक्रम आणि त्याच संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप लागते. वॉर्ड चुकत नाही, आणि रुग्ण इंग्रजी बोलत नाही. तिसऱ्या वर्षालाच एफएमजीईचे (परदेशात शिकलेल्या डॉक्टरांसाठीची भारतातली परीक्षा) व्हिडिओ विकत घेणाऱ्यांचंही मला पटत नाही. 300 पैकी 150 मिळवायचेत, ते वॉर्डात पाहिलेल्यावर जास्त मिळतात.

उशीर झाला असला तरी सुटतं. चार महिने रोज एका चिनी वर्गमित्राशी अर्धा तास बोललो, मग रुग्णाची हिस्टरी (आजाराची माहिती) विचारून घेता यायला लागली. सुरुवात "नाली बू शूफू"पासून करा, कुठे त्रास होतोय. आणि उत्तरं भिंतीवर लावा: थंग दुखणं, सुआन आंबणं, मा बधिर होणं, जांग फुगल्यासारखं वाटणं.