ॲप्रोटिनिन परत द्यायचंय? सिरिंज भरायच्या आधी हे बघून घ्या

कार्डियाक ओटीत नव्याने आलेल्यांसाठी लिहितोय, जुन्यांना हे माहीतच असेल. ॲप्रोटिनिन म्हणजे गाईच्या फुप्फुसातून काढलेलं 58 अमिनो ॲसिडचं इवलंसं प्रोटीन, रक्ताची गुठळी विरघळवणारं प्लाझमिन आणि त्याच्या जोडीचं कॅलिक्रेइन या दोन्ही एन्झाइमना अडवतं म्हणून पंपवरच्या (हार्ट-लंग मशीनवरच्या) सर्जरीत रक्त कमी जातं, पण आहे ते दुसऱ्या प्राण्याचं, त्यामुळे एकदा दिलं की शरीर त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी करून बसतं. पहिल्या खेपेला सहसा काही होत नाही, घोळ होतो तो दुसऱ्या खेपेला. आणि नेमके हे औषध द्यावंसं वाटतं ते पेशंट बरेचदा रिडूवालेच असतात, म्हणजे छाती आधी एकदा उघडलेली!

जुन्या अमेरिकन लेबलवर आकडे होते, पहिल्यांदा देताना रिॲक्शन 0.1 टक्क्याहून कमी, 6 महिन्यांच्या आत परत दिलं तर 5 टक्के आणि 6 महिन्यांनंतर 0.9 टक्के. म्हणजे तारखेला फार किंमत आहे.

म्हणून पहिलं काम फाइल उघडायची. "ॲलर्जी आहे का" एवढं विचारून काही कळणार नाही, पेशंटला ॲप्रोटिनिन हे नावच माहीत नसतं. आधीचं ऑपरेशन कधी झालं, त्याच्या ॲनेस्थेशिया नोट्स आणि पंपचा चार्ट मिळतो का ते बघा. आणि फायब्रिन ग्लू (रक्त थांबवायला जखमेवर लावतात तो गोंद) विसरू नका, काही ग्लूमध्ये ॲप्रोटिनिन असतं, आणि ग्लू फक्त हार्टमध्येच वापरतात असंही नाही, त्यामुळे "पहिलंच हार्ट ऑपरेशन आहे" म्हणून निर्धास्त होता येत नाही. आधी दिलं असण्याची शंका असेल तर आयजीजी अँटीबॉडीची टेस्ट करा, पॉझिटिव्ह आली तर विषय संपला, औषध द्यायचं नाही. टेस्ट करता येत नाही आणि गेल्या 12 महिन्यांत मिळालं असेल असं वाटतंय, तरीही नाही. रक्तस्राव कमी करायला ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड आहे ना, ते प्रोटीन नाही, हा वांधा तिथे नसतो.

आता द्यायचंच ठरलं तर. टेस्ट डोस 1 मिली, म्हणजे 10,000 युनिट, आणि त्यानंतर कमीत कमी 10 मिनिटं थांबायचं, घड्याळ बघून. टेस्ट डोसच्या 15 मिनिटं आधी एच वन आणि एच टू दोन्ही ब्लॉकर (हिस्टामिन अडवणारी औषधं) देता येतात. पण माझं मत विचाराल तर टेस्ट डोसवर जीव टाकू नका, त्या 1 मिलीनेच पेशंट कोसळू शकतो आणि टेस्ट डोस शांतपणे गेल्यावर मुख्य डोसला रिॲक्शन येऊ शकते. त्यामुळे ट्यूब टाकून झालेली हवी, सर्जन हात धुऊन टेबलाशी हवा, हेपरिन (पंपवर जाण्याआधी रक्त गोठू न देणारं औषध) भरून तयार हवं, झटकन कॅन्युला टाकून पंपवर जाता येईल अशी वेळ आल्यावरच द्यायचं. लोडिंग डोस सेंट्रल लाइनमधून सावकाश 20 ते 30 मिनिटांत, त्या लाइनमधून दुसरं काही नको. आणि परफ्युजनिस्टला (पंप चालवणाऱ्याला) स्पष्ट सांगा की लोडिंग नीट जाईपर्यंत प्राइममध्ये (पंपात आधी भरून ठेवतात त्या द्रवात) औषध घालू नकोस, कारण रिॲक्शन आली तर पंप हाच सुटायचा रस्ता आणि त्यातच तेच औषध कालवलेलं असेल तर काय उपयोग.

ओळखायचं कसं? अंगावर ड्रेप असतात, रॅश दिसतच नाही, ड्रेप वर करून बघावं लागतं. आधी दिसतं ते मॉनिटरवर, बीपी एकदम खाली, एअरवे प्रेशर वर, कॅप्नोग्राफच्या (श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या) रेषेचा आकार तिरपा. पंपवर असताना अजून फसवं, शिरा पसरतात आणि रिझर्व्हॉयरची (पंपातल्या रक्ताच्या टाकीची) पातळी उतरत जाते, परफ्युजनिस्ट व्हॉल्यूम घालतोय घालतोय तरी भरत नाही. मात्र प्रोटामिन (हेपरिनचा उतारा) नुकतंच दिलं असेल तर आधी त्याच्यावर संशय घ्या, आणि ॲन्टिबायोटिक, मसल रिलॅक्संट हेही रांगेत असतातच.

शंका आली की औषध बंद, 100 टक्के ऑक्सिजन, ॲड्रेनलिन आणि भरपूर फ्लुइड. ॲड्रेनलिन शिरेतून, बीपी थोडं पडलं असेल तर 10 ते 20 मायक्रोग्रॅम, खूपच पडलं तर 100 ते 200, आणि परत परत. स्टेरॉइड, ॲन्टिहिस्टामिन नंतर, त्यांची आधी शोधाशोध करण्यात मिनिटं घालवू नका. सावरत नसेल तर सर्जनला सांगून पंपवर.

स्थिर झाल्यावर ट्रिप्टेजचं (ॲलर्जिक रिॲक्शनमध्ये रक्तात वाढणाऱ्या एन्झाइमचं) रक्त रिॲक्शननंतर 1 ते 2 तासांत काढा, आणि 24 तासांनी परत एक, तुलनेसाठी. डिस्चार्ज कार्डवर "औषधाची ॲलर्जी" असं मोघम लिहू नका, ॲप्रोटिनिन हे नाव, तारीख, किती डोस गेला होता आणि काय झालं ते लिहा, शिवाय फायब्रिन ग्लू वापरायच्या आधी त्यात काय आहे ते तपासा हीपण ओळ टाका. रिॲक्शन आली नसली तरी औषध दिल्याची तारीख कार्डवर हवीच, पुढच्या वेळी फाइल उघडणारा तीच शोधणार आहे.