हेम्पची कापणी नेमकी कधी करायची, ते झाडाकडे बघूनच ओळखा

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, इथे विषय औद्योगिक हेम्पचा आहे, म्हणजे भांगेच्याच कुळातलं पण नशेचं द्रव्य (टीएचसी) अगदी नावापुरतं असलेलं पीक, जे लायसन्स काढून दाणे नाहीतर धाग्यासाठी घेतात. तागाला पण सनहेम्प म्हणतात त्यामुळे खूप जणांचा घोळ होतो, पण ताग शेंगावर्गातला आहे, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

सगळ्यात पहिलं काम म्हणजे ठरवा की तुम्हाला धागा पाहिजे का दाणे. दोन्ही एकदम टॉप क्वालिटीचं मिळत नाही, कारण धागा चांगला असतो तेव्हा दाणे भरलेलेच नसतात आणि दाणे भरेपर्यंत धागा लाकडासारखा कडक होऊन बसतो. हे न ठरवता "कधी कापू" विचारण्यात अर्थ नाही.

धाग्यासाठी घेतलं असेल तर नर झाडांवर लक्ष ठेवा. बऱ्याच जातींमध्ये नर आणि मादी झाडं वेगवेगळी असतात, नराला लोंबणारे फुलांचे झुपके येतात, हलवलं की पिवळी पूड उडते. ही पूड उडायला लागली की कापणीची वेळ आली समजा, साधारण पेरणीनंतर 70 ते 90 दिवसांत हे होतं. पूड उडून झाली की नर झाडं वाळायला लागतात, मग उशीर केलात तर धागा जाड आणि खरखरीत होतो. (काही जातींत नर-मादी फुलं एकाच झाडावर येतात, तिथे पण पूड बघायची, बाकी सेम.) कापल्यावर लगेच गोळा करू नका, काड्या शेतातच आडव्या पसरून दवावर कुजू द्या, अधूनमधून उलटा. दव कसं पडतं त्यावर 2 आठवडे पण लागतात आणि 5-6 पण. काडी करडी झाली, त्यावर काळे ठिपके आले आणि मोडल्यावर साल आतल्या लाकडापासून सहज सुटली की झालं, नीट वाळवून मगच गठ्ठे बांधा. जास्त कुजलं तर धागा हातात तुटतो, म्हणून शेवटी शेवटी रोज एक काडी मोडून बघायची.

दाण्याचं काम जरा किचकट आहे आणि लोक चुकतात ते इथेच. मी पण चुकलोय, पानं अजून हिरवी आहेत म्हणून थांबलो, आणि नंतर खाली वाकून बघतो तर अर्धा माल मातीत आणि पक्ष्यांची पार्टी चालू. पानांकडे बघूच नका. हेम्पचे दाणे तुऱ्यात खालून वर पिकत जातात, खालचे तयार होऊन गळायला लागतात तरी शेंडा हिरवाच असतो, त्यामुळे सगळे एकदम पिकतील ही वाट बघणं फुकट आहे.

मग बघायचं कसं? शेताच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून पाचसहा तुरे घ्या, कडेची झाडं नकोत, ती लवकर पिकतात आणि फसवतात. तुरे पांढऱ्या कापडावर हाताने चोळा आणि 100 दाणे मोजा. दाण्याभोवतीचं छोटं हिरवं कवच सुकून उघडलेलं, दाणा करडा-तपकिरी, वर नक्षीसारखे डाग आणि नखाने दाबला तर टणक, हा पिकलेला. हिरवा, मऊ, दाबल्यावर दुधाळ निघतो तो कच्चा. शंभरात सत्तरच्या आसपास पिकलेले निघाले की कापायला घ्या. मॉइश्चर मीटर असेल तर त्या वेळी दाण्यात 20 ते 30 टक्के ओलावा दिसेल, तो बघून घाबरू नका, हेम्प ओलंच कापतात. पूर्ण वाळू दिलंत तर दाणे तर गळतातच, वर काडीचा धागा इतका चिवट होतो की कॉम्बाइनच्या फिरत्या पार्टला गुंडाळून मशीन जाम. हाताने कापत असाल तर सकाळी दव असताना कापा, गळ कमी होते.

ओलं कापलंय म्हणजे वाळवायची घाई करायची, त्याच दिवशी, काही तासांतच. ढीग करून ठेवलात तर आतून गरम होतो आणि वास मारतो. पातळ थर पसरा, खालून हवा खेळू द्या, ओलावा 8-9 टक्क्यांवर आला की मगच पोती भरा. बियाणं म्हणून ठेवायचं असेल तर गरम हवेचा मारा टाळा, उगवण जाते.

दिवस मोजून तारीख पक्की करू नका हेही सांगतो, कारण हेम्प दिवस लहान होत गेला की फुलावर येतो, म्हणजे उशिरा पेरलेलं पीक बुटकंच राहून लवकर फुलतं आणि पाकिटावरचे दिवस चुकतात.

आणि लायसन्सवाल्यांनी टीएचसी टेस्टची तारीख कापणीच्या आधीच धरून चालावं. बऱ्याच देशांत लिमिट 0.3 टक्के आहे, सॅम्पल फुलांच्या शेंड्याचं घेतात आणि फुलोरा जुना होत जातो तसं प्रमाण वाढू शकतं. लिमिटच्या वर गेलं तर उभं पीक नष्ट करायची पाळी येऊ शकते, त्यामुळे सत्तर दाणे मोजायच्या बरंच आधी तुमच्या इथला नियम काय आहे आणि रिपोर्ट यायला किती दिवस लागतात ते विचारून ठेवा.